प्रायव्हेट बीच आणि मागचं गेट

मुंबई समुद्राकाठी वसली आहे, ही बातमी उपनगरांत जरा उशिरानेच पोचते. मुलुंडच्या माणसाच्या वाट्याला आली ती मिठागरं, ठाण्याची खाडी आणि थंडीत त्या खाडीच्या चिखलात एका पायावर उभे राहणारे फ्लेमिंगो. आमची मुलुंडची आत्या ते फ्लेमिंगो बघून आली की ‘आम्हीसुद्धा समुद्रावर जाऊन आलो हो’ म्हणून फोन करते, आणि वयाचा मान राखून आम्ही ते चालवून घेतो. घाटकोपरचे मेहुणे तर २०१४ च्या जूनपासून स्वतःला किनारपट्टीचे रहिवासी समजतात. त्या महिन्यात घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली. अंतर ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं आणि गाडीच्या कपाळावर ‘वर्सोवा’. पहिल्याच रविवारी मेहुणे टॉवेल खांद्यावर टाकून शेवटच्या स्टेशनावर उतरले. जिना उतरून खाली आल्यावर त्यांना दिसल्या त्या फक्त रिक्षा. लाटांपर्यंत पोचायला तिथून पुन्हा रिक्षाच करावी लागते, आणि इतक्या जवळचं भाडं रिक्षावाल्याला नको असतं.

अंधेरीच्या मावशीचं बरोबर उलटं. ‘जुहू काय, इथंच तर आहे, कधीही जाऊ,’ असं ती गेली कित्येक वर्षं म्हणते आहे, आणि या ‘कधीही’मुळे तिचे पाय अजून जुहूच्या वाळूला लागलेले नाहीत. राहता राहिलो आम्ही बोरिवलीकर. आम्हाला गोराईची खाडी आहे, खाडीत फेरी बोट आहे आणि बोटीत उभ्याने जाण्याचा लोकलमध्ये मुरलेला सराव आहे. पलीकडे उतरलं की गोराई, मनोरी, उत्तन असा किनाराच किनारा आणि किनाऱ्याला लागून रिसॉर्टच रिसॉर्ट. त्यामुळे चारही उपनगरांतले नातलग सहलीसाठी एकत्र येतात तेव्हा यजमानपद आमच्याकडे येतं आणि पाठोपाठ तो वादही येतो. पब्लिक बीचवर जायचं की प्रायव्हेट?

वादात भाग घेण्यापूर्वी कायदा माहीत असलेला बरा, म्हणजे हरलो तरी आवाज चढवता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिचं कलम २० सांगतं की भरतीरेषेच्या खालचा समुद्राचा, बंदराचा आणि खाडीचा तळ सरकारचा. थोडक्यात, ओहोटीला जी ओली, चालायला घट्ट आणि क्रिकेटला उत्तम अशी वाळू उघडी पडते, तिचा सातबारा कुणाच्याही नावावर नाही, मग मागे कितीही ताऱ्यांचं हॉटेल उभं असो. सहाव्या शतकात रोमचा बादशहा जस्टिनियन यानेही कायद्याच्या पुस्तकात हेच लिहून ठेवलं होतं: हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा सर्वांचा; आणि किनारा म्हणजे हिवाळ्यातली सर्वांत मोठी लाट जिथवर चढते तिथवर. जस्टिनियनने जुहू पाहिलं नव्हतं, तरी त्याचा अंदाज बरोबर होता.

पुढे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी दिल्लीहून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तीच ती सीआरझेड, जिच्या नावाने प्रत्येक बिल्डर उसासा टाकतो. तिच्या जोडपत्रात समुद्रकाठच्या रिसॉर्टांसाठी नियम आहेत आणि ते वाचनीय आहेत. कुंपण घाला, पण लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडवू नका. दोन रिसॉर्टांच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी वाट सोडा. (ही वाट लक्षात ठेवा. आमचे मेहुणे विसरले होते.) आणि भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत खेळासाठी पक्कं काही बांधू नका, फक्त गोलपोस्ट, जाळीचे खांब आणि दिव्याचे खांब चालतील. हा नियम लिहिणाऱ्या अधिकाऱ्याविषयी मला फार कुतूहल आहे. माणूस समुद्रावर जाऊन काय करील, याचा त्याने टेबलाशी बसून विचार केला असणार. फुटबॉल खेळील, व्हॉलीबॉल खेळील आणि काळोख पडला की दिवा लावील. भेळेचा विचार झालेला दिसत नाही. नंतर २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या, पण मराठी कुटुंब किनाऱ्यावर नेमकं काय करतं ते दिल्लीला अजून पुरतं कळलेलं नाही.

यात आपणच मागे आहोत असंही समजू नये. कॅलिफोर्नियात मालिबू नावाचं नटनट्यांचं गाव आहे. तिथेही ओली वाळू सर्वांची, असाच कायदा. तेव्हा काही बंगलेवाल्यांनी रस्त्यावर खोटे ‘नो पार्किंग’चे फलक लावले आणि गॅरेज नसलेल्या भिंतींवर गॅरेजची खोटी दारं बसवली, म्हणजे लोकांना गाडी लावायला जागाच दिसू नये. माझा भाचा तिकडे असतो. त्याने हे सांगितल्यावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या दारांचा फोटो मागवून घेतला. सोसायटीपासून समुद्र चांगला दूर आहे, पण पार्किंगचा प्रश्न जवळचा आहे.

तर मुद्दा असा की प्रायव्हेट बीच नावाची वस्तू कागदावर जवळजवळ नाहीच. जाहिरातीत मात्र ती मुबलक आहे. मग रिसॉर्टवाला नेमकं विकतो काय? याचा मी बारकाईने विचार केला आहे आणि माझं मत पक्कं आहे. तो बाथरूम विकतो. समुद्र फुकट आहे, वाळू फुकट आहे, सूर्यास्त तर सरकारलाही बंद करता येत नाही. पण समुद्रातून बाहेर आल्यावर गोड्या पाण्याचा नळ, कडी लागणारं दार, साडी टांगायला खुंटी आणि कोरडा कोपरा या चार गोष्टी सबंध किनारपट्टीवर दुर्मीळ आहेत. माणशी जे काय हजार-दोन हजार मोजायचे ते या चार गोष्टींचे. खुर्ची, छत्री आणि नारळात खोचलेली काडी ही वरकड शोभा. हे एकदा मनाशी कबूल केलं की रिसॉर्टवर फार सुखाने राहता येतं. खोलीत गेल्यावर खिडकीकडे धावायचं नाही. आधी नळ सोडून पाहायचा.

खिडकीकडे न धावण्याला आणखी एक कारण आहे. ‘सी व्ह्यू’ म्हणजे समुद्र दिसतो. ‘पार्शल सी व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीत कठड्याला धरून डावीकडे वाकलं आणि मागून कुणी कमरेला धरलं की दिसतो. ‘सी फेसिंग’ म्हणजे इमारतीचं तोंड समुद्राकडे आहे, तुमच्या खोलीचं कुठे आहे ते विचारू नका. आणि ‘बीचपासून पाच मिनिटं’ ही पाच मिनिटं ज्या वेगाने मोजली जातात तो वेग मी फक्त विरारची डबल फास्ट पकडणाऱ्या माणसांत पाहिला आहे.

आता वेळेविषयी. समुद्रावर जायला सनस्क्रीन, गॉगल, पसरट टोपी लागते असं मासिकांत छापून येतं. खरं लागतं ते कालनिर्णय. भिंतीवरच्या त्या एका कागदात पब्लिक आणि प्रायव्हेट बीचची हद्द रोजच्या रोज छापलेली असते, वाचता आली पाहिजे. कोळीवाड्यात आणि कोकणात लहान पोरांनाही ठाऊक असलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात साधारण बारा. दोन्ही पक्षांना हिशेब एकच, दिवसाला आणि रात्रीलाही तोच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण मुंबईत कुठली गोष्ट होत नाही?

या हिशेबाचे परिणाम दूरवर जातात. समजा अष्टमीला तुम्ही सूर्यास्त बघायला निघालात. सहाला भरती. पाणी पार वर आलेलं, वाळूची पट्टी अरुंद आणि त्या पट्टीवर सगळं अंधेरी, सगळं विलेपार्लं आणि एक घोडा. तरी अष्टमीला भांग असते, म्हणजे भरतीही मवाळ आणि ओहोटीही मवाळ. खरी गंमत उधाणाची, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे. दुपारी बाराला रिसॉर्टवर चेक-इन करून तुम्ही ‘आपला’ प्रायव्हेट बीच बघायला मागे जाता, तर समुद्र भिंतीला येऊन टेकलेला. मॅनेजरच्या खुर्च्या उचलून आत ठेवलेल्या. पैसे भरलेला बीच पाण्याखाली. आणि संध्याकाळी सहाला तोच समुद्र इतका मागे जातो की त्याला भेटायला जाणारी माणसं ठिपक्याएवढी दिसतात. मधलं सगळं मैदान सरकारचं, म्हणजे तुमचं, माझं आणि रबरी चेंडूने एकाच वेळी सात सामने खेळणाऱ्या पोरांचं. शहाण्याने सहल त्रयोदशी ते प्रतिपदा या तिथ्यांना ठरवावी आणि चार ते सात या वेळात वाळूवर असावं. आमच्या आत्याला हा हिशेब इतका पटला की बीचचा मुहूर्त ती हल्ली गुरुजींना विचारते. गुरुजी परवा म्हणाले, चतुर्दशी उत्तम, पण दक्षिणेचा प्रवास टाळा. आम्ही उत्तरेला गेलो, उत्तनला.

पौर्णिमेचा विषय निघालाच आहे तर एक भ्रम दूर करतो. समुद्रातून वर येणाऱ्या पूर्णचंद्राच्या आशेने कित्येक नवी जोडपी पौर्णिमेच्या संध्याकाळी जुहूला तोंड पश्चिमेला करून बसतात. आपला समुद्र पश्चिमेला आहे. चंद्र पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूने उगवतो. तो दिसायला समुद्राकडे पाठ करून इमारतींकडे बघावं लागतं. हे कळल्यापासून मेहुण्यांचा रुबाब फार वाढला आहे. ‘तुमच्याकडे समुद्र असेल, चंद्र आमच्याकडून येतो,’ असं ते जेवताना म्हणतात आणि बहीण त्यांना आणखी एक पोळी वाढते.

पब्लिक बीच भोगायची विद्या वेगळी आहे, आणि ती शिकायला जुहूसारखी शाळा नाही. तिथला पहिला धडा असा की एकांत शोधू नये. एकांत हवा असलेल्या माणसाने बँकेच्या लॉकर रूममध्ये जावं. जुहूला जायचं ते गर्दीसाठीच. खाण्याच्या गाळ्यांकडे चालत जाताना दुरून मेनूकार्ड हलवणारे लोक ‘साहेब, पावभाजी, साहेब, डोसा, बसा ना साहेब’ असं म्हणत वाट अडवतात, तेव्हा लग्नात वरपित्याला काय वाटत असेल त्याची चव प्रत्येक सामान्य माणसाला फुकट मिळते. कधीच थांबू नये आणि कधीच नाही म्हणू नये. ‘येतो, फिरून येतो’ एवढंच म्हणावं. दोघांनाही ठाऊक असतं की येणार नाही, पण दोघांचाही मान राहतो. गोळा घ्यायचा तर कालाखट्टा, आणि तोही पांढरा शर्ट नसताना. भेळ उभ्याने खावी. बसून खाल्ली की तिच्यात वाळू येते, आणि मग कुरकुरीतपणा शेवेचा की किनाऱ्याचा ते सांगता येत नाही.

या किनाऱ्यावर विश्रांतीसाठी येण्याची परंपरा मोठी आहे. १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींची शस्त्रक्रिया झाली आणि सुटकेनंतर हवापालटासाठी ते जुहूला येऊन राहिले. तेव्हाचं जुहू म्हणजे माडाच्या वाड्या, वाळू आणि शांतता. एवढी शांतता मिळाल्यावर त्यांनी काय केलं, तर ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ यांचं संपादन पुन्हा हाती घेतलं. समुद्राकाठी बसून ऑफिसचं काम करणाऱ्या आजच्या पोरांना वर्केशन ही आपली कल्पना वाटते. फरक इतकाच की गांधीजींना कुणी मीटिंगमध्ये ‘तुमचा आवाज येत नाहीये’ असं म्हटल्याची नोंद नाही.

आणि खाजगी मालमत्ता पब्लिक बीचवर आली तर काय होतं, याचा प्रयोगही जुहूनेच केला आहे. २०११ च्या जूनमध्ये ‘एमव्ही विस्डम’ नावाचं रिकामं मालवाहू जहाज अलंगला मोडीत काढायला ओढून नेत होते. दोर तुटला आणि जहाज वाहत वाहत जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. कंपनीची झोप उडाली, सरकारी खात्यांत पत्रव्यवहार सुरू झाला आणि पश्चिम उपनगरं सहकुटुंब जहाज बघायला निघाली. एवढं मोठं जहाज इतक्या जवळून, आणि तिकीट नाही! ते हलेपर्यंत जुलै उजाडला. लोक जरा हळहळत होते तोच त्याच जुलैच्या शेवटच्या दिवशी ‘एमटी पवित’ नावाचं दुसरं जहाज आलं. त्यावर तर माणूसच नव्हता. ओमानच्या बाजूला खलाशांनी ते सोडून दिलं होतं, आणि अरबी समुद्र एकट्याने पार करून, वाटेत कुणालाही न दिसता, ते नेमकं जुहूला लागलं. सुरक्षेच्या दृष्टीने हे भयंकर होतं, यावर वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले ते योग्यच. पण जुहूकरांच्या दृष्टीने पाहा: जगात कुठेही सोडून दिलं तरी जहाजाला रविवारी कुठे जावं हे कळतं.

जुहूला किनाऱ्यालगत मोठमोठी हॉटेलं आहेत आणि त्यांच्या मागच्या अंगाला हिरवळ, हिरवळीला कमरेएवढी भिंत आणि भिंतीत एक छोटं फाटक. माझ्या मते सबंध किनाऱ्यावर सर्वांत करमणुकीची जागा ती. भिंतीच्या आत आरामखुर्च्यांवर पाहुणे. ते बाहेर बघतात. बाहेर वाळूवर पथाऱ्या टाकलेली कुटुंबं. ती आत बघतात. आतल्यांना वाटतं, काय मजेत आहेत हे लोक, पोरं वाळूत लोळताहेत, कणीस खाताहेत. बाहेरच्यांना वाटतं, काय मजेत आहेत हे लोक, कुणी यांना ‘चला, उशीर होतोय’ म्हणत नाही. मध्ये वॉचमन. तो दोन्हीकडे पाठ करून मोबाईल बघत असतो. अधूनमधून एखादा गोरा पाहुणा धाडस करून फाटकातून वाळूवर येतो आणि दहा पावलांत त्याला फुगे, शिट्टी मारत वर जाणारं दिव्याचं भिरभिरं, घोड्यावरची फेरी आणि पाच मिनिटांत हातात मिळणारा फोटो, एवढ्या गोष्टी विकायला आणल्या जातात. तो परत जाताना त्याच्या हातात भिरभिरं असतं. ते आत हिरवळीवर उडवायची परवानगी नसते, म्हणून तो भिंतीवरून हात बाहेर काढून उडवतो. पडतं ते बाहेर, आणि एखादं पोर ते उचलून पळतं.

रिसॉर्टच्या आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसते ती स्विमिंग पूल. समुद्रापासून पन्नास पावलांवर, अरबी समुद्राकडे पाठ करून, निळ्या फरश्यांच्या हौदात शंभर माणसं उभी. पोहत कुणीच नाही, कारण हात पसरायला जागा नाही. पूलमध्ये उतरायला नायलॉनचा पोशाख सक्तीचा असतो आणि तो तिथेच भाड्याने मिळतो. त्या पोशाखात दोनच मापं असतात, होणार नाही ते आणि राहणार नाही ते. मेहुण्यांना मिळालेल्या चड्डीवर ‘ब्राझील’ असं लिहिलेलं होतं आणि त्यांनी दिवसभर त्या देशाची लाज राखण्यासाठी एक हात कमरेवर ठेवला. तिकडे रेन डान्स सुरू असतो. जून ते सप्टेंबर पावसाला शिव्या देत गुडघाभर पाण्यातून स्टेशन गाठणारी माणसं डिसेंबरात नळाच्या पावसाखाली पैसे देऊन नाचतात. मावशीने याबद्दल विचारलं तेव्हा पोरं म्हणाली, ‘मावशीआजी, यात ऑफिसला जायचं नसतं.’ याला उत्तर नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे फलक: ‘बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई आहे.’ मराठी कुटुंबाच्या कर्तृत्वाला एवढं मोठं आव्हान किल्ल्यांच्या काळानंतर कुणी दिलेलं नाही. नाश्ता, जेवण, चारचा हाय-टी, सगळं पॅकेजमध्ये असतं, पोटाला कमी पडणारच नसतं, तरी डबा आत गेलाच पाहिजे. आत्याच्या पिशवीत सर्वांत वर टॉवेल, त्याखाली ओले होणार असलेले कपडे, त्याखाली न होणार असलेले कपडे आणि तळाशी मेथीच्या पुऱ्यांचा डबा. गेटवर वॉचमनने पिशवी उघडायला सांगितली तेव्हा आत्याने त्याच्याकडे फक्त बघितलं. ती शाळेत मुख्याध्यापिका होती. त्याने पिशवी बंद केली, वर ‘सॉरी’ म्हणाला. पण वास आलेला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

एका बाबतीत थट्टा नको. पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नये, आणि अक्सा बीचवर तर घोट्याच्या वर जाण्यापूर्वी जीवरक्षकाला विचारावं. तिथला किनारा दिसायला जुहूपेक्षा कितीतरी देखणा, पण वाळूत खळगे पडतात, ओहोटीचं पाणी आत ओढतं, आणि पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय हे तिथे अक्षरशः कळतं. बुडालेल्यांत पोहता येणारेही असतात. शिट्टी वाजली की बाहेर यायचं, आपल्यासाठी वाजली की शेजारच्यासाठी हा वाद बाहेर येऊन घालायचा. पावसाळ्यात निळसर, पारदर्शक, छोट्या फुग्यासारखं काही वाळूवर पडलेलं दिसलं तर पोरांना उचलू देऊ नये. ती ब्लू बॉटल, आणि तिचे लांब तंतू मेल्यावरसुद्धा डंख मारतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहूला पुष्कळांनी तो प्रसाद घेतला. पावसाळ्याच्याच दिवसांत वाळूत डांबराचे काळे गोळेही येतात, जहाजांनी आणि तेलविहिरींनी समुद्राला दिलेले. तळपायाला चिकटले तर साबण हरतो, खोबरेल तेल जिंकतं. मावशी जुहूला कधी गेलेली नसली तरी हा उपाय तिनेच सांगितला.

वर्सोव्याला जाणाऱ्याने मात्र थोडा वेळ उभं राहून वाळूकडे बघावं. एके काळी तिथे प्लॅस्टिकचा थर इतका होता की वाळू कुठे सुरू होते ते कळत नसे. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह नावाच्या वकिलाने शेजाऱ्याला घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली, आठवड्यामागून आठवडे माणसं वाढत गेली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये तिथल्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. पब्लिक बीच कुणाचाच नसतो म्हणून घाण होतो, असं प्रायव्हेटवाले नेहमी म्हणतात. वर्सोव्याचं नाव काढलं की ते विषय बदलून पार्किंगवर येतात.

आता ती २० मीटरची वाट. उत्तनच्या सहलीत संध्याकाळी आम्ही सगळे रिसॉर्टच्या मागच्या फाटकातून वाळूवर गेलो. चतुर्दशी होती, पाणी लांब गेलेलं, हिशेब तंतोतंत बरोबर. पोरांनी किल्ला बांधला, मेहुण्यांनी ब्राझीलच्या वतीने क्रिकेट खेळलं, आत्याने वाळूवर पुऱ्यांचा डबा उघडला, कारण सरकारी वाळूवर बाहेरचे खाद्यपदार्थ चालतात. सूर्य बुडाला. आम्ही परत फाटकाशी आलो तर फाटकाला कुलूप. आत हिरवळीवर झाडांना पाणी घालणारा माणूस होता. तो भिंतीपलीकडून म्हणाला, ‘गेट सहाला बंद होतं. आता समुद्र उद्या सकाळी सातला.’

प्रायव्हेट बीचचे पैसे भरलेली अकरा माणसं तेव्हा पब्लिक झाली. भिंतीच्या कडेने चालत, दोन रिसॉर्टांमधली ती सरकारमान्य वाट शोधून, ओल्या कपड्यांनी आणि अनवाणी आम्ही गावाच्या रस्त्यावर आलो. वाटेत एका कुत्र्याने आमची चौकशी केली. मावशी म्हणाली, बरं झालं मी जुहूला जात नाही ते. मुख्य गेटवर नवा वॉचमन होता. ‘कुणाला भेटायचंय?’ आम्ही म्हटलं, आम्ही इथलेच पाहुणे. ‘पट्टा दाखवा.’ सकाळी मनगटाला बांधलेला तो निळा कागदी पट्टा अरबी समुद्राने केव्हाच परत घेतला होता. किल्ली खोलीत, मोबाईल किल्लीजवळ, पावती मोबाईलमध्ये. मेहुण्यांनी चड्डीकडे बोट दाखवून ती इथलीच असल्याचं सांगितलं. वॉचमन म्हणाला, असल्या चड्ड्या गोराईपर्यंत सगळीकडे आहेत.

मग सकाळचा वॉचमन ड्युटी संपवून घरी निघालेला आला. त्याने आमच्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आत्याच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. ‘सोड रे यांना,’ तो म्हणाला. ‘मेथीच्या पुऱ्या चोरून आत नेल्या त्या याच मॅडम.’ आत्याने झाकण उघडून डबा त्याच्यापुढे धरला. त्याने दोन घेतल्या, नव्या वॉचमनने तीन.